हरितेची वही: परळ, रे रोड, मढ

१६ जून, परळ

आज मॅडमनी प्रकल्पाच्या कागदावर सही केली. विषय: मुंबईच्या मातीतले धातू ओळखण्यासाठी हरिता आणि इतर वनस्पती. त्यांनी अट एकच घातली. नोंदवही शाईने लिहायची, चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून पुढे जायचं. म्हणून ही वही.

आधी नावाचं. घरी सगळेच याला शेवाळ म्हणतात. टाकीच्या तळाला धरतं तेही शेवाळ आणि मोरीमागच्या भिंतीवर मखमलीसारखं उगवतं तेही शेवाळ. टाकीतलं ते शैवाल, त्याला ना खोड ना पान. भिंतीवरचं ते मॉस, मराठी परिभाषेत हरिता. भिंगाखाली धरलं की नखाएवढ्या जागेत रोपांची दाटी दिसते, प्रत्येकाला इवलंसं खोड आणि त्याभोवती पानांचा फुलोरा. आईला दाखवलं. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

हरिताच का घेतली, तर तिला खरी मुळं नाहीत. खाली असतात ते मूलाभ, फक्त चिकटून राहण्यापुरते. बहुतेक जातींचं पान एका पेशीच्या जाडीचं, त्यावर मेणाचा थर जवळजवळ नाहीच. पाऊस, धुकं, धूळ, जे अंगावर पडेल ते सगळ्या अंगाने आत. शिवाय पेशीभित्तिकेवर ऋण भार असतात आणि शिसं, जस्त, तांबं यांचे धन आयन तिथे अडकून बसतात. स्वीडनमध्ये रूलिंग आणि टायलर यांनी १९६८ मध्ये हे वापरून दाखवलं. संग्रहालयातल्या जुन्या हरितेच्या पाकिटांतूनही त्यांनी नमुने घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिसं कसं चढत गेलं ते काढलं. १९९० पासून युरोपातले बरेच देश दर पाच वर्षांनी हरिता गोळा करून धातू मोजतात.

मॅडमनी सही करता करता एक प्रश्न टाकला. "मुळं नाहीत म्हणतेस, आणि विषयात 'मातीतले धातू' लिहितेस. मातीशी संबंध नसलेली वनस्पती मातीचं कसं सांगेल?" मला उत्तर आलं नाही. प्रश्न इथे लिहून ठेवते.

२१ जून

जागा ठरल्या. एक, आमची चाळ, परळ. दोन, रे रोड स्टेशनजवळची काळ्या दगडाची जुनी भिंत. बाजूला दारूखाना, जिथे जहाजं मोडतात, आणि रस्त्यावरून दिवसभर ट्रक. तीन, स्वच्छ जागा हवी, तुलनेसाठी. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलायचं तर वनखात्याची परवानगी लागते, तेवढा वेळ नाही. मावशीचं घर मढला आहे. घरामागे वाडीत दगडी विहीर, मोठा रस्ता लांब, कारखाना जवळ नाही. मॅडम म्हणाल्या, चालेल.

२८ जून

भिंतीवर जास्त करून सापडते ती हायोफिला इनव्होल्युटा. हिचं वागणं इतकं ठरलेलं की एकदा ओळखली की विसरत नाही. सुकली की प्रत्येक पान कडेने आत गुंडाळून नळी होतं, सगळा गालिचा तपकिरी, मेल्यासारखा. चिमूटभर घेऊन बशीत ठेवली, वरून ड्रॉपरने पाणी टाकलं. बघता बघता पानं उलगडली आणि हिरव्या चांदण्या झाल्या. गेल्या ऑक्टोबरपासून वाळून पडलेली ही चिमूट होती.

फरसबंदीच्या फटींत दुसरी आहे, ब्रायम अर्जेंटियम. टोकाच्या पेशींत हरितद्रव्य नसतं म्हणून रुपेरी दिसते. जगातल्या बहुतेक सगळ्या शहरांच्या पदपथांवर आहे, अंटार्क्टिकातही आहे.

अडचण आकाराची. युरोपात ज्या जाती वापरतात त्या जंगलात जमिनीवर पसरणाऱ्या, लांब, पिसांसारख्या. वरचा दोन-तीन वर्षांचा हिरवा भाग कापला की काम झालं. आपली हायोफिला जेमतेम काही मिलिमीटर उंच आणि बुडखा कायम चिखलात नाहीतर सिमेंटच्या भुग्यात. चिखल आला की हरिता मोजली की चिखल मोजला ते कळणार नाही. अर्धा ग्रॅम कोरडा, स्वच्छ माल निवडायला सूक्ष्मदर्शकाखाली आख्खी संध्याकाळ जाते. आज ०.३ ग्रॅमवर डोळे दुखायला लागले.

५ जुलै, चाळ

जोरदार पाऊस. नमुना घ्यायला गच्चीवर गेले आणि नमुन्याऐवजी रिकाम्या जागाच बघत बसले.

पाण्याच्या टाकीवर जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आहेत. त्यांच्या पागोळ्या कठड्यावर जिथे पडतात तिथे हरितेचा मागमूस नाही. पत्र्याच्या लांबीएवढाच स्वच्छ पट्टा, आणि पत्रा जिथे संपतो तिथून बरोबर गालिचा सुरू. दुसरीकडे वीज पडू नये म्हणून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणली आहे. तिच्याखालीही तसाच ओघळ, दोन बोटं रुंद, उघड्या भिंतीचा. तांबं आणि जस्त पावसात थोडं थोडं विरघळतं, आणि हरितेला ते थोडंही सोसत नाही.

इतकी वर्षं या गच्चीवर पापड वाळत घातले, हे कधी दिसलं नव्हतं. यंत्राशिवाय, एक पैसा खर्च न करता भिंतीवर लिहिलेलं होतं. नसणं हीसुद्धा खूण. दोन्ही ओघळांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढले.

१२ जुलै

रे रोडचे पहिले नमुने बाद. चूक माझी. खरवडायला स्टीलचं पातं वापरलं. स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं. त्याहून मोठी चूक म्हणजे भिंतीच्या त्या भागावर जुना तेलरंग होता आणि त्याचे पोपडे हरितेत मिसळले. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भागांच्या, वर नको असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, पिवळा, आणि जुन्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असायचं. सहा पाकिटं फेकली. एक रेघ मारली.

यापुढे प्लास्टिकचा चमचा, प्लास्टिकचा चिमटा, पावडर नसलेले हातमोजे, कागदी पाकीट. आणि रंगवलेल्या भिंतीपासून लांब.

२० जुलै

पाऊस इतका की बाहेर पडता आलं नाही. वाचन केलं.

जमिनीतल्या धातूची खूण झाडात बघणं हे फार जुनं. जर्मन खनिजतज्ज्ञ अॅग्रिकोलाने १५५६ च्या ग्रंथात खनिजाच्या शिरेवरच्या झाडोऱ्याकडे बघायला सांगितलं आहे. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या दकार्गल प्रकरणात कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला, किती खोलीवर पाणी लागेल ते सांगितलं. ते पाण्याचं, धातूचं नाही. पण जमिनीच्या पोटातलं झाडाला विचारायचं, ही दृष्टी तीच.

धातूंची झाडं एकेक वाचताना झोप उडाली. काँगोच्या कटांगा भागात तांब्याच्या मातीवर हौमानियास्ट्रम कटांगेन्स, तुळशीच्याच कुळातलं, आणि झांबियातली तांब्याची खूण मानलेली वनस्पतीही त्याच कुळातली. बेल्जियम-जर्मनीच्या सीमेवर जस्ताच्या मातीत वाढणारं पिवळं व्हायोला. न्यू कॅलेडोनियातलं एक झाड, ज्याला खाच पाडली की निळसर हिरवा चीक येतो. तो चीक वाळवला तर सुमारे चौथा हिस्सा निकेल. आणि टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं, जे २००१ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी आर्सेनिक साठवणारं म्हणून दाखवलं. वाळलेल्या पानात दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक जमू शकतं. हे नेचं जुन्या भिंतींच्या चुन्यात हमखास उगवतं. आमच्या चाळीच्या सांडपाण्याच्या नळामागेच आहे.

कामाचं सापडलं ते बेकरचं १९८१ मधलं वर्गीकरण. धातू असलेल्या मातीत झाडं तीन तऱ्हेने वागतात. काही झाडं धातू मुळांतच अडवतात, पानात येऊ देत नाहीत. काही मातीत जितकं, त्याच प्रमाणात पानात घेतात. हीच खऱ्या अर्थाने दर्शक. आणि काही, मातीत थोडं असलं तरी, ओढून ओढून साठवतात. म्हणजे पानात धातू नाही म्हणून माती स्वच्छ, असं म्हणता येत नाही. आधी झाडाचा स्वभाव माहीत हवा.

२ ऑगस्ट, मढ

मालाडहून बसने. मावशीने दारातच "काय गो बाय, येवढ्या पावसात शेवाळासाठी आलीस?" म्हणून टॉवेल दिला.

विहिरीचा कठडा काळ्या दगडाचा, रंग नाही, सिमेंट नाही. पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर हायोफिलाचा इतका दाट थर की तासाभरात दोन पाकिटं भरली. नळ आल्यापासून विहिरीचं पाणी फक्त झाडांना घालतात. वर पिंपळाची फांदी. हवा खारट, शांत. तुलनेला याहून चांगली जागा मिळाली नसती. निघताना मावशीने सुके बोंबील बांधून दिले.

१६ ऑगस्ट, प्रयोगशाळा

पद्धत लिहून ठेवते. निवडलेली हरिता ४० अंशांवर वाळवली. चिनी मातीच्या खलात कुटली. ०.५ ग्रॅम बीकरमध्ये, त्यावर ५ मिलिलीटर संहत नायट्रिक आम्ल, रात्रभर तसंच. सकाळी धुराडीखाली हॉटप्लेटवर मंद आचेवर, मग थंड करून ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २ मिलिलीटर, थेंब थेंब. फेस येतो, घाई केली की उतू जातं. गाळून २५ मिलिलीटर. प्रत्येक जागेचे तीन नमुने आणि हरिता न घातलेला एक कोरा, म्हणजे आम्लातच काही असेल तर कळेल. बाटल्या आधी आम्लात भिजवून ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुतल्या.

प्रयोगशाळेतले मामा इथे पंचवीस वर्षं आहेत. मढच्या बीकरकडे बघून म्हणाले, "याच्या तळाला तपकिरी काय बसलंय?" मीही बघितलं. चिखलाचा अंश असावा असं वाटलं. पेरॉक्साइड घातल्यावर तो विरघळून गेला, आणि मी विसरले. वहीत आज लिहिलं ते मामांनी विचारलं म्हणून.

मोजायचं शिसं, जस्त, तांबं आणि लोह. लोह कशासाठी, तर चिखलाची खूण म्हणून. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात लोह भरपूर. हरितेत माती आली असेल तर लोह वाढणारच. शिसं वाढलं आणि लोहही त्याच प्रमाणात वाढलं, तर माती आली. शिसं एकटंच वाढलं, तर ते दुसरीकडून आलं.

बेसाल्टमुळे आणखी एक गोष्ट. त्यात तांबं मुळातच जास्त असतं, दशलक्ष भागांत शंभर किंवा त्याहून वर. त्यामुळे मुंबईच्या मातीत तांबं सापडलं की लगेच प्रदूषण म्हणायचं नाही, ते दगडातलंच असू शकतं. शिसं मात्र बेसाल्टमध्ये अगदी कमी, बहुधा दशलक्ष भागांत दहाच्याही खाली. म्हणून इथे माणसाची खूण शोधायची तर शिसं. बाहेरच्या पुस्तकातले जगभराच्या मातीचे सरासरी आकडे घेऊन मुंबईला लावले तर तांब्याच्या बाबतीत सगळी मुंबई विषारी ठरेल.

२३ ऑगस्ट

धातू मोजायच्या यंत्रावर नंबर लागला. शिसं मोजायला शिशाचा दिवा, प्रकाशाची तरंगलांबी २८३.३ नॅनोमीटर.

परळ: अपेक्षेप्रमाणे. रे रोड: शिसं जास्त, लोहही जास्त. तांबं तिन्ही जागी जवळजवळ सारखं, म्हणजे दगडाचंच.

मढ: शिसं तिन्हींत सर्वांत जास्त. थोडंथोडकं नाही, रे रोडच्या कितीतरी पट. लोह साधारण. तिन्ही नमुन्यांत तेच.

२४ ऑगस्ट

पुन्हा मोजलं. तेच. कोरा नमुना स्वच्छ. पाकिटांवरची नावं तपासली, अदलाबदल नाही.

मॅडम म्हणाल्या, "आकडा चुकीचा नसेल तर जागा नीट बघितली नसशील."

३० ऑगस्ट, मढ

आज नमुना घेतला नाही. कठड्याजवळ उभी राहून वर बघितलं.

विहिरीच्या पूर्वेला पाच-सहा हात चढ आहे, त्यावर पिंपळ, पिंपळाच्या बुंध्याशी वेताळदेवाचा तांदळा. अनघड दगड, पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल चढून गुळगुळीत केशरी झालेला. लहानपणापासून बघितलाय. मागच्या वेळी आल्या आल्या नमस्कारही केला होता. पावसाचं पाणी तांदळ्यावरून वाहतं, चौथऱ्यावरून उतरतं, आणि त्याची वाट बरोबर कठड्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर येते. हरिता तिथेच दाट होती, कारण ओल तिथेच. चौथऱ्याच्या फटींत केशरी कपच्या पडलेल्या दिसल्या. मावशीने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी देवाने शेंदराचं कवच सोडलं होतं, मग नवा लेप दिला.

शेंदूर म्हणजे लाल शिसं. शिशाचं ऑक्साइड, तीन अणू शिशाचे, चार ऑक्सिजनचे. वजनाचा सुमारे ९१ टक्के भाग शिसं. हे बारावीत पाठ केलं होतं. तांदळा आणि ते सूत्र माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते.

देवाला हात लावला नाही. खाली पडलेली एक कपची, तीही मावशीला विचारून, पाकिटात घेतली. कठड्याच्या पश्चिमेकडची हरिताही घेतली, जिथे ते पाणी येत नाही.

६ सप्टेंबर, प्रयोगशाळा

कपचीचा कण परीक्षानळीत, वर विरल नायट्रिक आम्ल. केशरी रंग गेला, तपकिरी साका तळाला. हाच तो तपकिरी. लाल शिशातला काही भाग आम्लात लेड नायट्रेट होऊन विरघळतो आणि उरलेला लेड डायऑक्साइड म्हणून तपकिरी राहतो. त्यावर पेरॉक्साइडचे थेंब टाकले, बुडबुडे आले, साका नाहीसा झाला. मामांनी १६ ऑगस्टला नेमकं बघितलं होतं. मी धावत जाऊन त्यांना बोलावून आणलं.

गाळलेल्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातलं. पिवळा जर्द साका. तो पाण्यात उकळून विरघळवला आणि नळी तशीच थंड व्हायला ठेवली. दहा मिनिटांनी आत सोनेरी चकत्या तरंगायला लागल्या, प्रकाशात फिरवल्या की लुकलुकणाऱ्या. लेड आयोडाइड. बाजारातला सगळाच शेंदूर आज खरं लाल शिसं असेल असं नाही, नुसता रंगही विकला जातो. पण हा खरा होता.

मामा नळी हातात धरून बराच वेळ उभे होते. त्यांच्या गावच्या मारुतीविषयी बोलले.

१३ सप्टेंबर

पश्चिमेकडच्या हरितेतलं शिसं मोजलं. परळपेक्षाही कमी. एकाच विहिरीचा एकच कठडा. एक बाजू सर्वांत जास्त, दुसरी सर्वांत कमी.

मॅडमच्या १६ जूनच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. हरिता मातीचं सांगत नाही. तिच्या डोक्यावर जे आहे त्याचं सांगते, तेही ती जितके पावसाळे तिथे आहे तेवढ्यांचंच. रस्त्याकडेच्या मातीत देशात शिशाचं पेट्रोल बंद व्हायच्या आधीचं, म्हणजे १ फेब्रुवारी २००० च्या आधीचं शिसं अजून वरच्या थरात असू शकतं, कारण शिसं मातीला घट्ट धरून बसतं, खाली फारसं झिरपत नाही. यंदा उगवलेल्या हरितेला त्याची खबर धूळ उडून आली तरच. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१३ मध्ये झाडांच्या फांद्यांवरची हरिता शेकडो ठिकाणांहून गोळा केली, तेव्हा कॅडमियमचे दाट डाग रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांभोवती निघाले. तोही हवेचाच नकाशा होता.

विषयाच्या नावात दुरुस्ती करून घेतली: "धूळ, पाणी आणि माती यांतले धातू". मातीसाठी मुळं असलेली झाडं लागणार. मोहरी घेते.

२० सप्टेंबर

कागदी पेल्यांत मोहरी पेरली. तीन माती: आईच्या तुळशीची, रे रोडच्या पदपथाकडेची, तांदळ्याच्या चौथऱ्याखालची. प्रत्येकीचे पाच पेले. खिडकीत एका ओळीत.

४ ऑक्टोबर

मढच्या मातीतली मोहरी सगळ्यांत तरतरीत. रे रोडची खुरटी. आई म्हणाली, "तुझी विषारी माती तर सोन्यासारखी आहे की." खरंच आहे. चौथऱ्याखाली वर्षानुवर्षं निर्माल्य कुजतं, त्याचं खत झालंय. आणि तोच कुजलेला पाला आणि त्यातलं फॉस्फेट शिशाला बांधून ठेवतं, झाडाला सहज मिळू देत नाही. पानं पिवळी पडतील, कडा जळतील, अशा खुणा शोधायला मी भिंग घेऊन बसले होते. एकही नाही.

१ नोव्हेंबर

मोहरी उपटली. मुळं पाण्यात धुऊन पाला वेगळा, मुळं वेगळी. मोजून झालं. तिन्ही मातींत शिसं मुळांत जास्त, पाल्यात कमी. मढच्या मुळांत सर्वांत जास्त. म्हणजे शिशापुरती मोहरी अडवणाऱ्यांतली निघाली. शिशाबाबत बहुतेक झाडं अशीच वागतात, मुळांतच थोपवून धरतात. कॅडमियमचं तसं नसतं, ते पालकासारख्या पालेभाज्यांत मुळावाटे सरळ पानात चढतं.

नुसता पाला मोजून थांबले असते, तर चौथऱ्याखालची माती ठीक आहे असं लिहून मोकळी झाले असते. बेकरचं वर्गीकरण पाठ असूनही पहिल्या योजनेत मी फक्त पाला मोजणार होते. मुळं मोजायला मॅडमनी लावलं.

१५ नोव्हेंबर

रुळांकडेच्या मळ्यात गेले होते. लोकलमधून रोज दिसतात ते हिरवे वाफे: पालक, मुळा, लाल माठ, अळू. आमच्या घरी ज्या बाजारातून पालक येतो तिथे ही भाजीही येते, म्हणून हे माझ्या मनात जूनपासून होतं. मळेवाल्या काकांना आधी वाटलं मी तक्रार करायला आले. सगळं सांगितल्यावर त्यांनी स्वतः दोन जुड्या उपटून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

एक जुडी तशीच, दुसरी घरी धुतो तशी तीनदा पाण्यातून काढून. न धुतलेल्या पालकात शिसं आणि लोह दोन्ही जास्त, धुतल्यावर दोन्ही बरंच उतरलं. जस्त होतं तेवढंच. शिसं पानावर धूळ म्हणून बसलं होतं, जस्त पानाच्या आत होतं. ते झाडाला लागतंच. आईला सांगितलं की पालक एकदा नळाखाली धरून चालणार नाही, भांडंभर पाण्यात बुडवून, पाणी बदलून तीनदा. मुळ्याची सालही काढायची. काकांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग भाजी चांगली आहे ना?" एका जुडीवरून मी हो म्हणू शकत नव्हते, तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात आणखी दहा जुड्या घेणार आहे, या वेळी पैसे देऊन.

६ डिसेंबर, मढ

हे कसं सांगायचं म्हणून तीन महिने रेंगाळले. जेवणं झाल्यावर सांगितलं. मावशी गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे देवाला शेंदूर लावू नको म्हणतेस?"

मी म्हटलं, "नाही गं मावशी. तो तुमचा विचार. मी फक्त पाणी कुठे जातं ते बघितलं." मग दाखवत गेले. चौथऱ्यावरून उतरणारं पाणी विहिरीकडे येतं. मुलं चौथऱ्यावर खेळतात, कपच्या उचलतात, तोच हात तोंडात जातो. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं आणि किती शिसं सुरक्षित, अशी मर्यादाच जागतिक आरोग्य संघटना देत नाही. लेप देणाऱ्यानेही हात धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नये. चौथऱ्याखालच्या मातीत मावशीने अळू लावलंय, ते तिथे नको.

मावशीचे यजमान, काका, ऐकत होते. ते उठून बॅटरी घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "उताराला वीतभर बांध घातला तर पाणी विहिरीला वळसा घालून जाईल. आणि जुन्या कपच्या मी डब्यात भरून ठेवतो, त्यांचं काय करायचं ते तू विचारून सांग." अळू मावशीने दुसऱ्या दिवशी स्वतः काढलं. मी निघेपर्यंत तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पण बसथांब्यावर सोडायला आली तेव्हा सोनेरी चकत्यांची नळी बघायची आहे म्हणाली.

२८ डिसेंबर

मॅडमना सगळं दाखवलं. जागा तीनच, त्यामुळे मुंबईचा नकाशा काढायचा नाही, हे त्यांनी बजावलं. प्रबंधात आकड्यांच्या प्रत्येक रांगेपुढे एक रकाना वाढवायला सांगितला: नमुन्याच्या वर काय आहे. पत्रा, रंग, तार, झाड, देव, काहीच नाही. जून-जुलैच्या नमुन्यांसाठी तो रकाना आठवणीतून भरावा लागला. चार नमुन्यांचा भरता आला नाही, ते गाळले.

११ जानेवारी, मढ

काकांनी बांध घातला, विटांचा, वरून गिलावा. बादलीने तांदळ्यावर पाणी ओतून बघितलं. कठड्याला न लागता पिंपळामागे वळलं. ते मुरतं त्या जागी भाजी लावायची नाही, हे मावशीच्या शेजारणींनाही सांगून झालंय.

कठड्याच्या पूर्वेकडची सगळी हरिता आता वाळून तपकिरी आहे. तिच्यात जुनंच शिसं आहे, ती हिरवी झाली तरी काही नवीन सांगणार नाही. म्हणून हातभर लांब पट्टा पूर्ण खरवडून, घासून, धुऊन मोकळा केला. खरवड पिशवीत घालून प्रयोगशाळेसाठी ठेवली. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खूण केली, खिळ्याने नाही, गारगोटीने. जूनमध्ये तिथे उगवेल ती हरिता बांधानंतरच्या एकाच पावसाची असेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढायची. मावशीने कॅलेंडरवर लिहून घेतलंय.